मसाल्याचा डबा आणि हवेचा दाब

लालबाग, १२ फेब्रुवारी २०२४

चि. सीमास अ. उ. आ.

फोनवर बोलले असते तर चाळ गोळा झाली असती, म्हणून लिहिते. काल मी देवळात गेले तेवढ्यात तू माळ्यावरचा मसाल्याचा डबा उचललास आणि आज सुशांतच्या हाती चेपून परत पाठवलास! तुझा भाऊ दारात उभा राहून हसतोय, म्हणे ताईने नववीच्या पोरांना हवेचा दाब दाखवला. अख्ख्या दादरात दुसरा डबा नव्हता? वर निरोप काय, तर रिकामाच होता, नवा आणून देते.

सीमा, ह्यांनी जाण्याआधी स्वतः उभं राहून कांडून आणलेला शेवटचा मसाला त्यात होता. संपला तरी मी डबा धुतला नाही. झाकण उघडलं की वास यायचा. तीन वर्षं काढली त्यावर. तू त्यात पाणी उकळलंस. आता नुसता पत्रा.

माझा डबा कशापायी गेला, ते नीट लिहून कळव.

रागावले आहे, तरी आशीर्वाद आहेतच.
तुझी आते,
लक्ष्मी

दादर, १४ फेब्रुवारी

ती. आतेस सा. न. वि. वि.

चुकलं माझं. बाबा तर माझ्यावर चिडलेत. झाकण घट्ट फिरकीचं, म्हणून हात गेला.

डब्यात थोडं पाणी उकळलं. वाफेने आतली हवा बाहेर घालवली. गॅस बंद करून झाकण लावलं, वरून गार पाणी ओतलं. वाफेचं पाणी झालं आणि आतला दाब एकदम उतरला. मुलांना वाटतं, आतून कुणी ओढलं. तसं नाही. बाहेरची हवा कायमच दाबत असते. आतली तेवढीच उलट दाबते, म्हणून डबा टिकतो.

बाबांचा तुला निरोप आहे, आता इकडेच राहायला ये.

माया पातळ करू नकोस.
तुझी सीमा

लालबाग, १७ फेब्रुवारी

चि. सीमास अ. उ. आ.

सुशांतचं नववीचं जुनं पुस्तक मागवून ताडून पाहिलं. बरोबर शिकवतेस.

दिरांचे टोमणे, चाळ पाडणाऱ्यांचा सह्यांसाठी तगादा, हे सगळं ह्यांच्या हयातीतही होतं. तेव्हा मला कधी जाणवलं नाही. मग आताच का खचले, असं सगळे विचारतात. मला सांगता येत नव्हतं. आता येईल.

दादरला येणार नाही, तुझ्या बाबाला सांग. मे महिन्यात तूच ये, मिरच्यांची देठं काढायला. शिंकलीस तर ऐकून घेणार नाही. ह्यांच्या हातचा होणार नाही तो मसाला. माझ्या हातचा होईल, तो खायचा.

सर्वांना यथायोग्य सांग, आणि येत जा.
लक्ष्मीआते