एका निर्दोष मदरबोर्डाबद्दल

आदरणीय मेव्हणे यांस,

नमस्कार. (वयाने मी तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे, पण या पत्रापुरता नमस्कार वाकून केला आहे असं समजावं.) तुमची कंबर आता कशी आहे? वहिनींचा खोकला थांबला का? इकडे आम्ही खुशाल आहोत, म्हणजे तुमची बहीण खुशाल आहे आणि तिला अजून काही कळलेलं नाही म्हणून मीही आहे. फोनच करणार होतो, पण तुम्ही फोनवर बोलता ते आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जातं. म्हणून हे पत्र खोक्यात लॅपटॉपच्या वर ठेवतो आहे. आधी पत्र वाचा, मग लॅपटॉप उघडा. उलट केलंत तर तुमचं माझ्याबद्दलचं मत पत्राआधीच ठरून जाईल.

लॅपटॉप हिचा आहे. भाषांतराचं काम ती त्याच्यावरच करते हे तुम्ही जाणताच. सव्वातीनशे पानांची कादंबरी वीस तारखेपर्यंत प्रकाशकाला द्यायची आहे आणि ती सगळी याच्या पोटात आहे. गेल्या महिन्यात त्याने बॅटरी चार्ज करणं सोडलं. वायर लावली की चालायचा, काढली की मान टाकायचा. कोपऱ्यातलं बॅटरीचं चित्र चार टक्क्यांवर बसलं ते बसलंच. ही म्हणाली, दादाच्या दुरुस्तीच्या दुकानात पाठवू. मी म्हटलं, घरात माणूस रिकामा असताना तुझ्या दादाला कशाला त्रास? (एकतीस वर्षं मी कचेरीचा दप्तरखाना सांभाळला. हजारो फायली, प्रत्येकीवर माझ्या हातची चिठ्ठी, एकही हरवली नाही. निवृत्त झाल्यावर हळूहळू घरातही चिठ्ठ्या लावल्या. मिठाच्या डब्यावर 'मीठ', पायरीवर 'पायरी'. हिला ते आवडलं असावं, कारण ती काहीच बोलली नाही.)

मग सकाळी लॅपटॉप माझा, दुपारी तिचा, अशी वाटणी झाली. मी पद्धतशीरपणे निघालो. आधी बॅटरी बदलली. नवी बॅटरीही चार टक्क्यांच्या पुढे सरकेना, म्हणजे बॅटरी सुटली. चार्जरवर संशय घ्यायचं कारणच नव्हतं, कारण त्याच्यावर 'हिचा' अशी चिठ्ठी होती आणि अक्षर माझं होतं. राहिला मदरबोर्ड. शेजारच्या वायरमनकडून मीटर मागून आणला आणि खालचं झाकण उघडलं. अकरा स्क्रू निघाले. अकरा पाकिटं केली, प्रत्येकावर त्या स्क्रूचा पत्ता लिहिला. झाकण लावताना स्क्रू बारा भरले. बारावा माझ्या चष्म्याचा निघाला. त्यामुळे पहिल्या आठवड्यातली मोजमापं एका काडीच्या चष्म्यातून घेतलेली आहेत, ती तेवढी सोडून द्यावीत.

पाच आठवडे मी त्या बोर्डाची उलटतपासणी घेतली. चार्जरची वीज कुठून आत येते, कुठे वळते, कुठे अडते, सगळं वहीत उतरवलं. बॅटरीच्या दाराशी एक काळी चिप आहे, मसुराच्या डाळीएवढी. चार्जिंगचा कारभार तिच्याकडे. वीज तिच्यापर्यंत नीट येते आणि पुढे जातच नाही, म्हणजे ही मध्ये बसून अडवते आहे. कचेरीत अशी माणसं मी पाहिलेली आहेत, त्यामुळे माझी खात्रीच पटली. वायरमन म्हणाला, हिला हात लावू नका. तो गेल्यावर लावला. परवा सकाळी सोल्डरिंगच्या गरम टोकाने चिप सुटली, तिच्यासोबत आजूबाजूचे चार बारीक तुकडेही सुटले, आणि त्यानंतर लॅपटॉप वायर लावूनही चालेना.

आता खरं सांगायचं ते सांगतो. सामान आवरताना दिसलं की चार्जरवरची चिठ्ठी एका कडेने सुटली आहे. नीट चिकटवावी म्हणून सोलली, तर खाली छापलेलं होतं, पासष्ट वॅट. हिच्या लॅपटॉपला नव्वदचा लागतो. छोट्या चार्जरवर तो कसाबसा चालतो, पण बॅटरीला द्यायला काही उरत नाही, म्हणून चिप चार्जिंगला नकार देते. म्हणजे ती बिचारी तिचं काम चोख करत होती. नव्वदचा चार्जर घरातल्या दुसऱ्या, म्हणजे माझ्या लॅपटॉपला लागलेला होता. त्याच्यावर चिठ्ठी होती, 'माझा'. दोन्ही चिठ्ठ्या मीच लावल्या, उलट्या लावल्या, आणि नेमक्या वॅटच्या आकड्यावर लावल्या. मेव्हणे, एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

हिला एवढंच सांगितलं आहे की बोर्डाला दोन दिवस विश्रांती लागते आणि मग दादांकडून शेवटचा हात फिरवून घेऊ. तिने एका शब्दाने उलट विचारलं नाही. तो विश्वास पाहून जास्तच भरून आलं. वीस तारखेला आठ दिवस उरले आहेत. कसंही करून कादंबरी वाचवा. चिप आणि चार तुकडे पाकिटात आहेत. पाकिटावर चिठ्ठी आहे, पण तिच्यावर विसंबू नका.

आपला,
बहिणीचा नवरा

ता. क. खरी विनंती अशी. दुरुस्तीबरोबर दुकानाच्या छापील कागदावर, शिक्क्यासह, दोन ओळी पाठवा की बोर्डात मुळातच दोष होता आणि ज्याने कोणी उघडला त्याने फार काळजीपूर्वक उघडला.

ता. क. दुसरा. 'फार' नको. खोटं वाटेल.

दादा, हे खोक्यात चार्जर टाकायला विसरले, म्हणून मी खोकं उघडलं. हे खाली टेप आणायला गेलेत, तेवढ्यात लिहिते. चार्जरची अदलाबदल मला दुसऱ्याच दिवशी कळली होती. हे दुपारी झोपले की मी यांचा चार्जर लावून काम करायचे आणि उठायच्या आत बॅटरी पुन्हा चार टक्क्यांवर उतरवून तो परत ठेवायचे. कादंबरी गेल्या आठवड्यातच पाठवली. यांना सांगणारच होते, पण निवृत्त झाल्यापासून हे रोज सकाळी मला विचारायचे, "आज मी काय करू?" आणि मला काही सुचायचं नाही. मग रडू यायचं. या पाच आठवड्यांत एकदाही विचारलं नाही. चहासुद्धा उभ्याने प्यायचे. म्हणून गप्प बसले. हा चिपचा उद्योग मात्र मला माहीत नव्हता. परवापासून हे न सांगता भांडी का घासताहेत ते आत्ता कळलं. तू दुरुस्त कर, पण घाई करू नकोस. कढया इतक्या स्वच्छ कधी निघाल्या नव्हत्या.