उपकारस्तुती कुणाची

२१ ऑक्टो., मंगळ. दौंड
पुण्याहून घरी. गळ्यातली गाठ गेली, तिच्याबरोबर स्वरयंत्रही गेलं. श्वास आता मानेच्या भोकातून, भोकात नळी. बोलणं कायमचं बंद. लग्न होऊन दौंडला आल्यापासून चर्चच्या क्वायरमध्ये पहिली ओळ मी उचलायची.
बाहेर दिवाळीचे फटाके. धूर सरळ भोकातून आत. प्रभाकरनं खिडक्या लावल्या आणि म्हणाला, "जीव वाचला, देवाचे आभार." नवरा आहे म्हणून पाटी फेकून मारली नाही. लिहायला तेवढी एकच आहे.

२४ ऑक्टो., शुक्र.
महिला मंडळ येऊन गेलं. सफरचंदं, प्रार्थना. सगळ्या माझ्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोलतात, जणू मी बहिरी झालेय. मालनबाईंनी वचन काढलं, तेच, कुठल्याही स्थितीत उपकारस्तुती करण्याचं. क्वायरमधली माझी जागा त्यांच्या सुनेला दिलीय. तेही देवाचे आभार मानूनच सांगितलं.
पाटीवर लिहिलं, "दमले. झोपते." झोपले नाही. भिंतीकडं बघत पडले.

२७ ऑक्टो., सोम.
प्र. ला नळी साफ करता येत नाही. डोळे मिटून घेतो. म्हणून मला न विचारता खुटबावहून शांताला बोलावलं. त्याची धाकटी बहीण. सासूबाई गेल्या तेव्हा भर अंगणात ओरडली होती, "माझ्या आईला हिनं बिनमिठाचं घालून घालून मारलं." मीठ डॉक्टरांनी बंद केलं होतं! तेव्हापासून तिचं तोंड पाहिलं नव्हतं.
आली. पिशवी ठेवली. गळ्याकडं बघून म्हणाली, "लईच मोठं भोक पाडलंय की ओ वैनी."
पाटीवर लिहिलं: परत जा.
तिला वाचता येत नाही. प्र. नं वाचलं आणि तिला म्हणाला, "पाणी मागतेय."
भेकड.

३० ऑक्टो., गुरु.
नर्सनं प्र. च्या फोनवर व्हिडिओ दिलाय, तो बघून बघून शांता शिकली. नळी काढते, धुते, बसवते. हात राठ. दुखतं. हलले की दटावते, "हलू नगा. तुमच्यापरीस शेरडू बरं."
पिठलं केलं पातळ. खारट. मुद्दाम केलं असणार.

२ नोव्हें., रवि.
उपासनेनंतर चर्चचे पाळकसाहेब घरी. पुढच्या रविवारी हंगामाचा सण. "सुमनताई, तुमची साक्ष हवी. लिहून द्या, मी वाचतो. दुःखातली उपकारस्तुती. मंडळीला बळ मिळेल." प्र. मान डोलावतोय. मी खडू धरून बसले.
स्वयंपाकघरातून शांता आली. "सायेब, तिचा गळा कापलाय आन् तुमी तिच्याकडनं थँक्यू मागताय व्हय? तुमचा कापला असता मंग कळलं असतं."
"शांते!" प्र. ओरडला. साहेबांचा कप हातातच राहिला.
मला हसू आलं. आवाज कुठला, भोकातून कफ उडाला तो थेट त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर.
ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसले. ते या बाईमुळं. याचाही राग आला.

५ नोव्हें., बुध.
दुपारी प्र. बाजारात. नळीत कफ वाळून बसला. श्वास येईना. ओरडता येत नाही. टेबलावरचं ताट फरशीवर आपटलं.
शांता मागं कपडे धूत होती. तशीच धावत आली. "येशूबाबा, येशूबाबा" म्हणत नळी ओढून काढली, औषधी पाण्याचे थेंब सोडले, पाठीत गुद्दे घातले. गोळा सुटला. हवा आली.
मग ती खाली बसली आणि माझे पाय धरून रडली. नंतर डोळे पुसून, "दादाला सांगू नगा."
सांगणार कशी, बये?
नाताळ सोडून चर्चची पायरी न चढणारी ही. जीव जात होता माझा, नाव घेत होती ती. माझ्या मनात तेव्हा कुणाचंच नाव नव्हतं. फक्त हवा.

९ नोव्हें., रवि.
हंगामाचा सण. वेदीपुढं ऊस, कांद्याच्या माळा, डांगर. मालनबाईंची सून भलत्याच पट्टीत. शांता माझ्याशेजारी, नळीची पिशवी मांडीवर घेऊन.
साहेबांनी माझं नाव घेतलंच. उठले नाही. सगळ्या माना वळल्या. प्र. नं कोपर मारलं. तेव्हा उठले, पाटीवर लिहिलं आणि पुढं नेऊन दिली:
देवावर राग आहे. मला शांतानं जगवलं. आभार तिचे.
साहेबांनी वाचलं. मनातल्या मनात. घसा खाकरला. (खाकरायला आहे त्यांना.) मग मोठ्यानं, "ताई म्हणतात, देवानं मला जगवलं, त्याचे आभार."
मंडळी म्हणाली, आमेन.
शांताही म्हणाली. सगळ्यांत मोठ्यानं.

१२ नोव्हें., बुध.
शांता गेली. त्यांच्या उसाला तोड आली. प्र. आता नळी करतो, डोळे उघडे ठेवून.
एसटी स्टँडवर सोडायला गेलो. प्र. गाडीची चौकशी करायला गेला तेव्हा मी तिचा हात धरला आणि नुसत्या ओठांनी म्हटलं. ती डोळे बारीक करून बघत राहिली.
"काय? पानी पायजे?"
मान हलवली. परत म्हटलं.
"लघवीला जायचंय?"
परत.
"न्हाई कळत ओ वैनी. जाऊ द्या. पुढच्या टायमाला सांगा."
गाडी लागली. चढताना म्हणाली, "पिठल्यात मीठ कमी घाला, दादाला बीपी हाय." निर्लज्ज.
प्र. कडून फोनवर सांगता येईल. पण त्याच्या तोंडून नको. साहेबांच्या तर नकोच. मधला माणूस काय करतो ते बघितलं मी.

१४ नोव्हें., शुक्र.
मंगळवारी पुण्याला तपासणी. मानेच्या डाव्या बाजूला बोटांना काहीतरी लागतंय. प्र. ला अजून दाखवलं नाही.
आज प्रार्थना केली. घरी आल्यापासून पहिली. ओठही हलवले नाहीत. तुला ते लागत नाहीत, असं लहानपणापासून ऐकत आलेय.
राग आहे. तो काढून घेऊ नकोस, माझा आहे. मंगळवारचं तुझं तू बघ.
तेवढं शांताला सांग. स्टँडवर मी जे म्हटलं तेच, जसंच्या तसं.