शाळेची पेंढी

हिंगणदरा, ता. धारूर
२२ जून २०२५

ती. राधाकिशनमामा यांच्या सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि कानात यंत्र घालायचं नाही, म्हणून भाचीला पत्र लिहायची शिक्षा. बातमी अशी, की शाळेच्या पालक समितीनं मला अध्यक्ष केलंय. मी सभेला नव्हतेच. रानात सरकी टोबत होते, तिथं येऊन सांगितलं.

हसू नका, कामही ठरलंय. दिवाळी झाली की निम्मे पालक ऊस तोडायला सांगलीकडे जातात आणि पोरं त्यांच्यामागं. यंदा पोरं गावातच ठेवायची. निजायला शाळेच्या दोन खोल्या, दाणागोटा गावातून जमवायचा आणि स्वयंपाक पालकांनी घराघरानं पाळीनं करायचा.

माझा जीव अडकलाय तो संस्कृतीत. नाथा आणि मंगलची ही धाकटी, आमच्या सत्यमच्या वर्गात, सातवीत आहे. तिची थोरली बहीण मोहिनी अशीच सातवीत असताना ऊसतोडीला गेली, ती परत बाकावर बसलीच नाही. दोन वर्षांत लग्न झालं. आता मंगलच्या मांडीवर तान्हं पोर आहे. त्याला सांभाळायला कोणाला नेतील, हे सांगायला नको.

तुम्ही या शाळेत चौदा वर्षं शिकवलंत, मला या गावात दिलंत तेही तुम्हीच. जमेल का हो हे?

मामींना नमस्कार. खरं तेच लिहा, आणि माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची भाची,
रोहिणी

*

केज
४ जुलै २०२५

चि. सौ. रोहिणी हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

घरात बजरंगरावांवर अध्यक्षपण चालवतेसच, आता गावावर चालव. मामी म्हणते, की पोरीच्या अंगी ते पहिल्यापासून आहे.

खरं मागितलंस म्हणून लिहितो. हा उद्योग मी करून बसलोय. अकरा पोरं ठेवून घेतली होती. महिन्याभरात बाप आले आणि एकेकाला घेऊन गेले. शेवटचा गेला तो हाच नाथा. पाचवीत होता, पाढ्यांना पक्का. बापाचा हात धरून निघाला तसा माझा तोल गेला. हजेरीपटात त्याच्या नावावर तांबडी रेघ मारली आणि त्याला म्हणालो, की आता या दारात पाऊल ठेवू नकोस. बापाला बोलायचं ते लेकराला बोललो. पण माझं मत तेव्हापासून तेच आहे. या लोकांना शाळेची आसच नाही. तू जीव तोडशील आणि एक दिवस मोकळ्या खोल्यांकडे बघत बसशील.

तरीही करणार असशील तर कर. तब्येत सांभाळ आणि मामावर राग धरू नकोस.

तुझा मामा,
राधाकिशन

*

हिंगणदरा
१६ नोव्हेंबर २०२५

ती. मामा यांस,
शि. सा. न. वि. वि.

राग धरला होता, पण कामात विसरले.

पोळ्याला दारोदार बैल ओवाळतात, तेव्हा यंदा प्रत्येक दारात ओवाळणीच्या ताटाशेजारी शाळेचं पोतं ठेवलं. बैलाला घास आणि पोत्यात पायली. ज्वारीची इतकी पोती भरली, की ठेवायला जागा पुरेना. पेरणीला करतो तशी सावड करून बाप्यांनी न्हाणीघर आणि चुलीचं छप्पर चार दिवसांत उभं केलं. रात्री निजायला दोन-दोन बाया पाळीनं जातात. मी नुसती बघत राहते हो. हे सगळं याच गावात होतं, आणि आपण फक्त विचारायचं बाकी होतं.

संस्कृती राहिली! जाताना मंगल म्हणाली, की पोर ठेवते, पर तिला उपाशी झोपवायचं न्हाई. नाथानं पोरीची पेटी डोक्यावर आणली, पण फाटकाशीच खाली ठेवली. सभेलाही तो कधी आत येत नाही, बाहेर लिंबाखाली उभा राहतो. तुमचं पत्र आठवलं.

जेवणाची मात्र गंमत चाललीय. पहिल्या पाळीला वत्सलाबाईंनी पुरणपोळ्या केल्या. दुसऱ्या दिवशी शिवशंकरच्या घरून गुलाबजाम आले. मग कोणाची छाती होणार साधी वरण-भाकरी वाढायची? लोकांची लेकरं आपल्याकडे पाहुणी आलीत, असंच सगळे धरून चाललेत. मीही तुपातला शिरा केला.

लोभ वाढता ठेवा, टोमणे कमी केले तरी चालतील.

रोहिणी

*

हिंगणदरा
११ जानेवारी २०२६

ती. मामा यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं खरं झालं, पण माझ्या चुकीनं झालं. पाहुणचारात पोती तळाला गेली. ज्वारी देऊन गूळ, तूप, डाळ आणली जात होती आणि मी अध्यक्ष असून वाकून पाहिलं नाही. आठ दिवसांचा दाणा उरलाय. पुन्हा मागायला गावात जावं, तर यंदा पिकलंच बेताचं. सभेत ठरलं, की शनिवारी यांच्या जीपनं पोरं आईबापांकडे पोचवायची.

मंगलला फोन केला. ती म्हणाली, की यांना सांगते, आणि फोन ठेवला. संस्कृतीनं पुस्तकं पेटीत तळाशी घातली, वर कपडे घातले. मला विचारत होती, की हजेरीतून नाव कापतात तेव्हा तांबडी शाई कावून लावतात. बापानं तिला सांगितलेलं दिसतंय.

तुमची हरलेली,
रोहिणी

*

केज
१४ जानेवारी २०२६

चि. सौ. रोहिणी हिस,
अनेक आशीर्वाद.

मी म्हणालो होतो, असं लिहायला पेन उघडलं, पण हात वळला नाही. बजरंगराव केजला आलेत, त्यांच्या जीपमध्ये दोन पोती ज्वारी घातली आहे. फार दिवस पुरणार नाही, ठाऊक आहे. पण शनिवारी पोरं हलवू नकोस. संस्कृतीला सांग, ती शाई एका रागीट मास्तरची होती.

मामा

*

हिंगणदरा
१८ जानेवारी २०२६

ती. मामा यांस,
शि. सा. न. वि. वि.

बसून वाचा.

शुक्रवारी दुपारी धारूरच्या एका भुसार दुकानाचा टेंपो शाळेपुढे थांबला. ज्वारी, तूरडाळ, तेलाचे डबे. मी म्हणाले, पत्ता चुकलाय. ड्रायव्हर म्हणाला, की न्हाई, सांगलीकडून नाथाचा फोन आलता.

मंगलला फोन लावला तेव्हा सगळं कळलं. ऊस तोडला की वरचं हिरवं वाढं तोडणाऱ्याचं असतं. त्याच्या पेंढ्या बांधून म्हशीवाल्यांना विकायच्या आणि त्यावर रोजचं मीठ-मिरची भागवायची. तिथं पोचल्याच्या पहिल्या दिवशी नाथानं एक पेंढी वेगळी टाकली आणि म्हणाला, ही शाळेची. दुसऱ्या दिवशी शेजारच्या खोपीनं टाकली. मग आपल्या गावच्या सगळ्यांनी. अंगात ताप असो, पोर रडत असो, शाळेची पेंढी चुकली नाही, आणि तिचे पैसे नाथाकडे वेगळे साठत गेले. अडीच महिने! आणि कोणी चकार शब्द बोललं नाही.

मी मंगलवर चिडलेच, की सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, की तुमी तितं लेकरांचं एवढं करता, आन आमी एका पेंढीचं काय सांगावं.

मामा, आम्ही इथं पुरणपोळ्या वाढून धन्य झालो होतो. मी टेंपोमागं उभी राहून रडले, वत्सलाबाईही रडल्या. आता भाकरी, एक भाजी, वरण. गोड करील त्याची पाळी बंद. संस्कृतीनं पुस्तकं वर काढली.

लोभ आहेच. एकदा येऊन बघून जा.

रोहिणी

*

केज
१२ एप्रिल २०२६

चि. सौ. रोहिणी हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

परवा तुमच्याकडून आल्यापासून मामीला तेच तेच सांगतोय. ऊसतोडीहून ट्रॅक्टर परत आले आणि माणसं घरी न जाता आधी शाळेकडे वळली, ते तू पाहिलंस. पुढचं तू चुलीपाशी होतीस म्हणून सांगतो.

मी सातवीच्या वर्गात बसलो होतो. संस्कृती मला प्रगतिपुस्तक दाखवत होती. दारात सावली पडली. नाथा होता. अंगावर प्रवासाची धूळ, हाताला कोयत्याचे घट्टे. चपला त्यानं पायरीखाली काढल्या होत्या आणि उंबऱ्यापाशी थांबला होता. एवढा बाप्या माणूस, पण मान पाचवीतल्यासारखी खाली. त्यानं विचारलं, की गुरुजी, आत येऊ का.

मी उठून त्याचा हात धरला, आत घेतलं आणि पोरीशेजारी बाकावर बसवलं. ज्याला मी दाराबाहेर काढलं, त्यानं त्याच दारात पोतं आणून टाकलं. या लोकांना आस नाही, असं मी तुला लिहिलं होतं. ते जुलैचं पत्र चुलीत घाल.

मामीच्या हट्टानं त्या दिवशी यंत्र कानात घालून आलो होतो. नाहीतर त्यानं विचारलेलं मला ऐकूच आलं नसतं.

पत्रं थांबवू नकोस. या म्हाताऱ्यावर माया असू दे.

तुझा मामा,
राधाकिशन