एकेकटं आत जायचं नाही

२१ नोव्हेंबर १९८३, सोमवार
दिवाळीची सुट्टी संपली. कॉलेज सुरू. नव्या टाइमटेबलात नलिनीचं नावच नाही. गणित शिकवते, पाचवं वर्ष. दर जूनला नेमणूक, दर एप्रिलला नारळ. यंदा मधेच. कारण सगळ्यांना ठाऊक: दिवस गेलेत, बाळंतपणाची रजा मागितली. प्राचार्य म्हणाले, "मॅनेजमेंटचा निर्णय, माझ्या हातात काय?" स्टाफरूममध्ये सगळे चहात बघत बसले.
प्राध्यापकांच्या संघटनेची इथली चिटणीस मी. कुणी उभं राहीना म्हणून केलेली. आता कळेल म्हणा.

२३ नोव्हें., बुध
चेअरमनची वेळ मागितली. मुलुंडातच, कॉलेजजवळ, त्यांची लाकडाची वखार. निरोप आला, संघटनेला भेटत नाही, ज्याला बोलायचंय त्याने एकट्याने यावं. उद्यापासून कॉलेजात येऊन एकेकाला केबिनमध्ये बोलावणार. इकॉनॉमिक्सचे परब घाबरलेत. "बाई, माझं कन्फर्मेशन बाकी आहे हो."
जेवताना घरी सांगितलं. सासूबाई मालवणच्या. मामंजींची गिरणी संपात गेली, तेव्हापासून संप शब्द नको त्यांना. वाटलं, ओरडतील. भात वाढत म्हणाल्या, "उतरतलंस तर उतर. पण अर्ध्यार सोडून येव नको."

२४, गुरु
पहिलं बोलावणं परबांनाच. शिपाई दारात. परब उठले, दारापर्यंत गेले, तिथेच उभे. मग मागे वळून, "चला ना यार, सगळेच."
आणि गेलो! अख्खी स्टाफरूम. केबिनमध्ये मावेना, निम्मे पॅसेजमध्ये.
चेअरमन: "मी एकालाच बोलावलं होतं."
परब: "एकच आलीय, सर. संघटना."
हे परब! काल काळजाचं पाणी पाणी झालेलं. चेअरमन पेपर उघडून बसले. आम्ही हललो नाही. शेवटी तेच उठून गेले.

२८, सोम
स्टाफरूमला कुलूप. रंगकाम म्हणे. रंगाचा डबा कुठे दिसेना. जिन्यात बसलो, बॉटनीची जर्नल्स तिथेच तपासली.
दुपारी प्राचार्यांनी मला एकटीला बोलावलं. मी परबांना घेऊनच गेले. सरांनी मला बी.एस्सी.ला शिकवलंय, अजून एकेरीच बोलतात. "सुधा, जूनमध्ये व्हाइस प्रिन्सिपलची जागा रिकामी होतेय. चेअरमनच्या मनात तुझं नाव आहे. हे जरा मिटव."
क्षणभर, खोटं कशाला, केबिनच्या दारावरची पाटी दिसली मला. मग म्हटलं, "सर, नलिनीच्या पाठीवर पाय ठेवून नाही चढायचं."
त्यांनी चष्मा काढून पुसला. वाईट वाटलं त्यांचं. पण मी बोलले ते बरं झालं.

३०, बुध
हात वर करून मतं घेतली. उद्यापासून काम बंद. दोघे विरोधात.
संध्याकाळी चेअरमनचा निरोप: नलिनीने माफीचा अर्ज द्यावा, दया म्हणून परत घेऊ. संघटनेचा विषय मात्र कायमचा बंद. तशीच घाटकोपरला तिच्याकडे गेले. पोळ्या लाटत होती. म्हटलं, "तू ठरव गं. नोकरी तुझी. कुणी नावं ठेवणार नाही."
"माफी कसली? मूल होतंय मला, चोरी केली नाही." पोळी तव्यावर टाकली. "आणि पुढच्या वर्षी दुसरीला काढतील. तिनेपण दयाच मागायची?"
तिचा नवरा तिथेच. धास्तावलाय. मी निघताना म्हणाला, "उद्या मी सोडतो हिला गेटवर."

१ डिसें., गुरु
काम बंद. सगळे गेटसमोर फुटपाथवर. विरोधातले ते दोघेसुद्धा! नलिनीला पानवाल्याने स्टूल दिलं. पोरं घोषणा द्यायला लागली. आधी थांबवलं. मग नाही थांबवलं.
चेअरमनची गाडी आली. काच अर्धी खाली. "तिघे या आत. बोलू."
तिघे! ‘एकट्याने या’ नाही म्हणाले.
म्हटलं, "मी, परब आणि नलिनी."
"ती कशाला? तिच्याबद्दलच तर बोलायचंय."
"म्हणूनच."
काच वर, गाडी आत. पण गेट लावलेलं नाही. बोलावतील किंवा पोलीस आणतील, दोन्ही होऊ शकतं. गेटच्या पायरीवर बसून लिहितेय, अक्षर वेडंवाकडं. भीती वाटतेय. वाटू दे.
शिपाई येतोय, हाताने बोलावतोय. नलिनी उठली, पदर खोचला. "चला बाई."
आम्ही तिघे जातो