तुझा पहिला ओरडा

आई,

तू मला पहिल्यांदा रागावलीस तेव्हा मी कॉलेजात होतो. मित्रांना हे सांगितलं की ते म्हणायचे, नशीबवान आहेस लेका. ताईला मात्र तू लाटण्यानं मारलेलं आठवत होतं, दाराबाहेर उभं केलेलं आठवत होतं, आणि ती ते अशा थाटात सांगायची की जणू शाळेत बक्षीस मिळालंय. "तुला ती आई माहीतच नाय," असं म्हणून वेणी मागे टाकायची. मी तिच्यावर जळायचो. माझ्या वाट्याला जी आई आली होती ती मे महिन्यातही स्वेटर घालून वाकळीत झोपलेली असायची.

कोपरखैरण्याच्या त्या खोलीतली दुपार मला अजून दिसते. अण्णा मार्केटात गोणी उचलायला गेलेत, ताई शाळेत आहे. पंखा बंद, कारण तुला वारा सोसत नाही. मी शाळेतून येतो, दप्तर दारातच टाकतो आणि तुझ्या वाकळीत शिरतो. बाहेर घामाच्या धारा आणि तुझा हात माठासारखा गार. गोष्ट सांग म्हटलं की तू सुरू करतेस, "एक हुता राजा," आणि मग थांबतेस. राजा आणि राणी यांच्यामध्ये इतका वेळ जातो की मलाच डुलकी लागते. राजा शिकारीला निघाला की तू झोपून जातेस. तो राजा काही कधी घरी परतला नाही. पुढचं मी तुझ्या श्वासाबरोबर मनातच रचत राहतो. हिरव्या पडद्यातून आलेला उजेड भिंतीवर हलतोय, राजाचा घोडा त्या उजेडातून चाललाय, आणि मी जागा आहे की झोपलोय हे माझं मलाच कळत नाही. त्या वाकळीत मी फार सुखात होतो, हेही सांगून टाकतो. पण उठल्यावर तू काहीतरी बोलायला हवं होतंस. दप्तर कुठं टाकलंस, हात धुतलेस का, काहीही. तू फक्त डोळे किलकिले करून माझ्याकडे बघायचीस, ओळखीचं कुणीतरी दिसल्यासारखं, आणि परत मिटून घ्यायचीस.

असं का, ते घरात सगळ्यांना आपापल्या परीनं माहीत होतं. माझ्या जन्माच्या वेळी तुझं अतोनात रक्त गेलं. वाचलीस हेच खूप झालं. पण तुला दूध आलं नाही. दारावर मासे विकायला येणाऱ्या आगरी मावशीनं पाटी खाली ठेवली, "दे गो त्या पोराला इकरं," म्हणाली आणि मला पदराखाली घेतलं. पुढे कितीतरी महिने तिनं मला तिच्या लेकराबरोबर पाजलं. तुझे केस विरळ होत गेले, भुवया झडल्या, पाळी परत आली नाही. साताऱ्याकडच्या आत्या म्हणायच्या, बाळंतपणात हवा लागली. अण्णा तुला डॉक्टरांकडे नेत राहिले. कुणी रक्त कमी आहे म्हणालं, कुणी मनाचा आजार म्हणालं, कुणी ताकदीची इंजेक्शनं दिली. एकानं थायरॉईडही तपासला, तो नॉर्मल आला. मात्र दूध आणि पाळी या दोन गोष्टी अण्णांनी एकाही डॉक्टरपुढे काढल्या नाहीत. परक्या पुरुषासमोर बायकोचं असलं काही बोलायचं कसं? आणि विचारलंही कुणी नाही.

मग मी कॉलेजात असताना एकदा तुला साधे जुलाब झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू उठलीच नाहीस. हाका मारल्या, गालावर पाणी मारलं, काही नाही. वाशीच्या दवाखान्यात तुझ्या अंगातलं मीठ फार कमी झालंय असं निघालं. सलाईन लावलं. मी कॉटच्या पायाशी उभा होतो आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती, की ही आता अशीच जाणार, ताईची आई मला एकदाही न भेटता. तिथली डॉक्टरीण तरुण होती. ती तुझ्या भुवयांच्या जागेकडे बघत राहिली, तळहात उलटून पाहिला आणि अण्णांकडे वळून तिनं सरळ विचारलं, "काका, शेवटच्या बाळाला यांनी अंगावर पाजलं होतं का?"

अण्णांनी मान खाली घातली. एवढा आडदांड माणूस, चपलेच्या अंगठ्याशी बोलल्यासारखा बोलला. "न्हाय. दूद आलंच न्हाय तिला."

"आणि पाळी?"

अण्णा भिंतीकडे बघायला लागले. ताईनं सांगितलं, "नाय आली परत. सगळे म्हणाले, बरं झालं, सुटली."

डॉक्टरीण मग खुर्ची ओढून बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर रक्त घेतलं, डोक्याचा फोटो काढला, पण मला वाटतं तिला उत्तर आधीच मिळालं होतं. फोटो हातात आल्यावर ती अण्णांना म्हणाली, "टेन्शन घेऊ नका. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. बाकीच्या ग्रंथींना ती हुकूम सोडते, तुमच्या मार्केटात मुकादम असतो ना, तसं. बाळंतपणात फार रक्त गेलं की कधीकधी ती सुकते. फोटोत तिची जागा रिकामीच दिसतेय."

"म्हंजी मुकादमच खपला म्हना की," अण्णा म्हणाले.

"मग थायरॉईड नॉर्मल कसा आला?" ताई.

"त्यांनी मुकादमाची हाक मोजली. ती कागदावर ठीक दिसते, पण तिच्यात जोर नसतो. हमाल कामावर आले का, ते मोजलंच नाही."

अण्णा हसले आणि हसता हसताच त्यांनी टॉवेलानं डोळे पुसले. मग डॉक्टरीण माझ्याकडे वळली आणि आपणहून म्हणाली, यात बाळाचा काही दोष नसतो हं. मी तिला काही विचारलं नव्हतं. माझ्या तोंडावर दिसत असणार. गोळ्यांचा क्रम तिनं आम्हा तिघांकडून घोकून घेतला. आधी ही, अंगात बळ धरायला, आणि मगच थायरॉईडची. उलटं केलं तर जिवावर बेतेल म्हणाली.

तू एकदम नाही जागी झालीस. आधी तू कूस बदलायला लागलीस, मग भिंतीला टेकून बसायला. तुझा आवाज खोल विहिरीतून येत असावा तसा हळूहळू वर येत होता, आणि शब्दांमधलं ते लांबलचक थांबणं दिवसेंदिवस आखूड होत होतं. एका दुपारी तू म्हणालीस, "पंखा लाव की जरा." आम्ही जेवत होतो. घास हातात धरून अण्णा तुझ्याकडे नुसते बघत बसले. ताईनं बटण दाबलं, पंख्यावरची इतक्या वर्षांची धूळ आमच्या ताटांत पडली आणि आम्ही तसेच जेवत राहिलो.

आणि मग तो दिवस. मी अंघोळ करून आलो, टॉवेल गादीवर फेकला आणि भांग पाडायला लागलो.

"आरं ए घोड्या! वला टावेल गादीवर टाकतुयास? हितं काय तुझं नोकर बसल्यात?"

मी वळून बघितलं. तू कमरेवर हात ठेवून उभी होतीस, तोंडावर लाली आलेली, डोळे टक्क उघडे. मी टॉवेल उचलला, गॅलरीत गेलो आणि तो तोंडावर धरून रडलो. इतका आनंद मला त्याआधी झाला नव्हता आणि नंतरही फार वेळा झालेला नाही. आतून तू ओरडलीस, "आता तितं काय झोपलास का?"

त्यानंतर तू कुणाला सोडलं नाहीस. अण्णांची तंबाखू, ताईचा फोन, सोसायटीचं पाणी. स्वेटर तू बोहारणीला देऊन टाकलास आणि त्याच्यावर एक पातेलं घेतलंस, तेही घासाघीस करून. अण्णा सगळ्यांना सांगत फिरले की माझी पहिली बायको परत आली. तुझ्या आवाजानं घर भरून गेलं. मी खूश होतो, आणि तरीही कधी कधी दुपारी उगाच वाकळीला हात लावून बघायचो. ती रिकामी असायची. त्या गार हाताच्या आईबद्दल मी कुणाशी बोललो नाही. ती बरी झाली याचं वाईट वाटतंय, असं सांगणार कुणाला?

एकदा मेथी निवडताना तू मान वर न करता विचारलंस, "मला तवाचं कायबी आठवत न्हाय बघ. मी तुला जवळ घेत हुते का रं?" मी म्हणालो, "व्हय. रोज." तू मान हलवलीस आणि मेथीकडे वळलीस. आई, मीच तुझा हात उचलून माझ्या अंगावर ठेवायचो. पण तू तो कधी काढून घेतला नाहीस, म्हणून मी दिलेलं उत्तर मला आजही खोटं वाटत नाही. पुढे तुझं हृदय थकलं आणि तू गेलीस. जातानाही सलाईन वाकडं लावलंय म्हणून नर्सला झापत होतीस.

काल बायकोच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी खारघरच्या मोठ्या दवाखान्यात गेलो होतो. समोरच्या बाकावर एक बाई बसली होती, उन्हाळ्यात स्वेटर घातलेली, नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टाकून झोपलेली. तिच्या भुवया बघून मी खुर्चीतून अर्धा उठलोच. परक्या बाईला दुधाबद्दल मी कोणत्या तोंडानं विचारणार होतो देव जाणे. तेवढ्यात आतून तिचा नंबर पुकारला. नवऱ्यानं तिला हळूच उठवलं आणि दोघं आत गेली. त्या दारावर ग्रंथींच्या डॉक्टरांचीच पाटी होती. मी परत बसलो. तिच्या घरी मुलं असतील तर त्यांना आता लवकरच ओरडा बसणार आहे.

हा कागद वाकळीच्या घडीत ठेवून देईन. आज सकाळीही अंघोळ करून आलो आणि ओला टॉवेल गादीवर टाकला. बायको स्वयंपाकघरातून ओरडत आली, "डोक्यावरचे केस पांढरे झाले, पण तुमची ही सवय काही जात नाही!" मी मुकाट्यानं टॉवेल उचलला आणि थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो. ती सवय नाही, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.