निलगिरीच्या तेलातली डांबरगोळी

प्रिय मावशी,

तू पाठवलेल्या निलगिरीच्या पानांच्या तेलात डांबरगोळी आहे, हे आमच्या प्रयोगशाळेतलं मशीन सांभाळणाऱ्या अण्णांनी काल पक्कं सांगितलं, म्हणून घाईने लिहितोय. (नमस्कार आधी लिहायला हवा होता, तो इथे करतो. तुझे गुडघे काय म्हणतात? काकांचा खोकला?)

झालं असं, की तुझी पोतंभर पानं धुऊन मी वाफेवर तेल काढलं. निघालं ते डोळ्यांच्या औषधाच्या बाटलीएवढं. ती बाटली मी तान्ह्या बाळासारखी दोन्ही हातांनी धरून फिरत होतो. मग जिवाणू वाढवायच्या बशीत तेलात भिजवलेली कागदाची टिकली ठेवली. दुसऱ्या दिवशी बशीभर जिवाणू, पण टिकलीभोवती मात्र स्वच्छ वर्तुळ, एकाचाही मागमूस नाही. आमच्या मॅडम (एरवी कौतुक म्हणजे फक्त ‘बरं’) चक्क ‘बरं बरं’ म्हणाल्या.

तेलात काय काय आहे ते बघायला नमुना मशीनमध्ये गेला. हे मशीन घटक वेगळे करतं आणि प्रत्येकाची एकेक टेकडी कागदावर काढतं. सिनिओलची मोठी टेकडी आली, पायनीनची लहान आली. या निलगिरीत असायच्याच. पण पुढे एक सुळका निघाला, नॅप्थलीनचा, जो निलगिरीत कुणी पाहिलेला नाही. मॅडमचा चेहरा उजळला. परिषदेत वाचायच्या निबंधाचं शीर्षकसुद्धा ठरलं आणि माझी पीएचडी मार्गी लागल्यात जमा झाली.

मी मात्र बाटली हुंगली आणि थेट तुझ्या गरम कपड्यांच्या कपाटात पोचलो: नॅप्थलीन म्हणजे डांबरगोळीच की! गप्प बसायचा मोह झाला, खोटं कशाला सांगू? पण उद्या निबंध छापून आला तर शहाणीसुरती माणसं निलगिरीत डांबरगोळ्या शोधत बसतील, या विचाराने जेवण जाईना. शेवटी मॅडमना सांगून टाकलं. अण्णांनी स्वच्छतागृहातली गोळी आणली आणि तिचा नमुना मशीनला पाजला. सुळका जागच्या जागी.

मॅडमनी निबंधाचं शीर्षक खोडलं. मग म्हणाल्या, “आता ही गोळीपण बशीत ठेव.” आज सकाळी पाहिलं तर गोळीच्या अगदी अंगाला लागून जिवाणू मजेत वाढलेले! म्हणजे जंतू मारलेत ते तुझ्या झाडानेच. मी इतका खूश झालो की सगळ्यांना चहा पाजला.

पानांना कीड लागू नये म्हणूनच तू पोत्यात गोळ्या टाकल्यास, हे मला कळतं. राग अजिबात नाही.

तुझा भाचा
(अजून डॉक्टर न झालेला)

ता. क. खरं काम असं, की पुन्हा पोतंभर पानं हवीत, आणि त्याच झाडाची. झाड बदललं की तेलातल्या घटकांचं प्रमाण बदलतं आणि मला पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

ता. क. २. पार्सलवरचा मॅडमचा विश्वास उडाला आहे. पानं तोडायला त्या स्वतःच येणार आहेत, रविवारी सकाळी.

ता. क. ३. गोळ्या कुणी टाकल्या, असं मॅडमनी विचारलं तेव्हा तुझं नाव घ्यायला जीभ रेटेना, म्हणून काकांचं सांगितलं. काकांना याची कल्पना नाही. आल्या आल्या त्या आधी काकांनाच भेटणार आहेत.