त्याच्या ताटातला पहिला घास

आई, तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहितो.

तुरुंगाच्या स्वयंपाकघरात मी मजेत आहे. जेवणाची तर चंगळच! इथे एका मोठ्या टोळीचा म्होरक्या आहे, त्याला विषाची भारी भीती. पहिला घास मी खाल्ल्याशिवाय तो ताटाला हात लावत नाही. म्हणजे तुझा लेक दोनदा जेवतो, काळजी नको.

आधीच्या आचाऱ्याचं काय झालं, कुणी बोलत नाही. मीही विचारत नाही.

ताई तुझे गुडघे शेकते ना?

काल त्या म्होरक्याची म्हातारी भेटीला आली होती. जाताना फाटकापाशी माझे हात धरून रडली, "तू आधी खातोस, म्हणून माझं पोर जेवतं रे."

मलाही आई आहे, हे तिला सांगवलं नाही.

तुझा धाकटा